लष्करी कुटुंबे राहायला येणार असतील तर स्थानिक सोयींचे नियोजन कसे करावे: नाशिक रोड-देवळाली पट्ट्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

देवळालीचे तोफखाना विद्यालय, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, गांधीनगरचे आर्मी एव्हिएशनचे प्रशिक्षण विद्यालय, ओझरचा हवाई दलाचा तळ. या चार ठिकाणांमुळे नाशिक परिसरात लष्करी कुटुंबांची ये-जा बाराही महिने चालू असते. तरीही एकदम बरीच कुटुंबे येणार अशी कुणकुण लागली की स्थानिक पातळीवर तयारी उलट्या क्रमाने सुरू होते. आधी रस्त्याचे डांबरीकरण, मग पथदिवे, मग टँकर. शाळेचा विचार येतो तोवर जून उजाडलेला असतो आणि वर्ग भरलेले असतात.

हा लेख प्रभागात, ग्रामपंचायतीत, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा सोसायटीच्या कार्यकारिणीत काम करणाऱ्यांसाठी आहे. लष्कराच्या आवारातल्या बराकी आणि क्वार्टर लष्करी अभियंता सेवा म्हणजे एमईएस पाहते, त्यात आपल्याला काही करायचे नसते. आवाराबाहेर येऊन पडणारा भार मात्र आपला असतो. भाड्याची घरे, पाणी, सांडपाणी, शाळा, बस, रात्रीचा दवाखाना हे सगळे त्यात येते.

## टप्पा १: कुटुंबांचे प्रकार वेगळे करा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कोणीतरी सांगते, "पाचशे जवान येणार." लगेच पाचशेला चारने गुणले जाते आणि दोन हजार लोकसंख्येचा प्रस्ताव तयार होतो. हा हिशेब चुकतोच, कारण गणवेशातला प्रत्येक माणूस कुटुंब घेऊन येत नाही. आपल्या भागात निदान पाच वेगळे गट दिसतात.

१. क्वार्टर मिळालेली कुटुंबे. घर, पाणी, वीज आवारातच. बाहेर त्यांचा भार पडतो तो शाळा, बाजार आणि वाहतुकीवर.

२. क्वार्टरच्या प्रतीक्षा यादीतली कुटुंबे. ही काही महिने बाहेर भाड्याने राहतात. लॅम रोड, विहितगाव, उपनगर, पाथर्डी फाटा, भगूर इथे घर शोधतात. स्थानिक सोयींवर सर्वांत जास्त भार याच गटाचा.

३. नवरा सीमेवर किंवा फील्डमध्ये, बायको-मुले इथे. काही जणी सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहतात, काही भाड्याने. मूल दहावीत किंवा बारावीत असेल तर बदली झाली तरी आई-मुले बहुधा इथेच थांबतात. घरात एकच मोठे माणूस आणि त्यावर सगळी धावपळ. या गटाच्या गरजा वेगळ्या असतात, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

४. कोर्ससाठी आलेले. तोफखाना विद्यालयात अधिकारी आणि जवान काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत प्रशिक्षणाला येतात. बहुतेक एकटेच असतात. त्यांच्यासाठी शाळा किंवा अंगणवाडी मोजायची नाही.

५. भरती झालेले तरुण. तोफखाना केंद्रात प्रशिक्षण घेणारे अग्निवीर अविवाहित असतात, भरतीची अटच तशी आहे. म्हणून २०२२ मध्ये अग्निवीर भरती सुरू झाल्यापासून जवानांच्या आकड्यावरून कुटुंबांचा आकडा काढणे आणखीच फसवे झाले आहे. या गटामुळे ताण येतो तो कसम परेडच्या, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर शपथ घेण्याच्या संचलनाच्या दिवशी. देशभरातून आई-वडील एका रात्रीपुरते नाशिक रोडला उतरतात, तेव्हा स्टेशनसमोरची लॉजेस आणि रिक्षा कमी पडतात.

नियोजनाचा पाया म्हणून फक्त पहिले तीन गट धरा. चौथ्या आणि पाचव्या गटासाठी एवढेच लिहा: "ठरावीक दिवशी वाढणारी गर्दी."

आकडे कसे मिळवायचे: स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे लष्कराच्या स्थानिक मुख्यालयाला, संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि नेमका आकडा मागू नका. "शंभर ते दीडशे कुटुंबे", "दोनशे ते अडीचशे" अशा टप्प्यांत उत्तर मागा. मुलांची संख्या वयोगटाने मागा: ० ते ३, ३ ते ६, पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी, अकरावी-बारावी. त्याच पत्रात गरोदर महिला, अपंग मुले आणि सोबत राहणारे वृद्ध आई-वडील यांचाही अंदाज विचारा. लष्करी पत्नींची कल्याण संघटना, जिला सगळे आवा म्हणतात, तिच्या माध्यमातून कुटुंबांच्या गरजा जास्त नेमक्या कळतात. कोणत्या घरात काय अडते ते तिथल्या ताईंना ठाऊक असते.

> सावधान: युनिटचे नाव, येण्याची तारीख, गाडी क्रमांक, जवानांची नावे-पदे यांपैकी काहीही तुमच्या फॉर्मवर नको. सर्वेक्षणाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका. दुकानात आलेल्या जवानाला "किती जण येताय?" असे विचारून आकडे गोळा करू नका. माहिती अधिकृत पत्रातूनच घ्या आणि प्रस्तावात फक्त एकूण कुटुंबे आणि वयोगट लिहा.

> पुढे जाण्याआधी तपासा: तुमच्या कागदावर "जवान" हा आकडा आहे की "कुटुंबे" हा? पहिला असेल तर पुन्हा मागे जा.

## टप्पा २: कोणाची हद्द, हे जमिनीवर उभे राहून ठरवा

देवळाली परिसराची खरी गुंतागुंत हद्दीत आहे. लॅम रोडवर थोडे अंतर चालले की महापालिका संपते आणि छावणी परिषद म्हणजे कँटोन्मेंट बोर्ड सुरू होते. पुढे भगूर, तिथे नगरपरिषद. बाजूला संसरी, नाणेगाव, शिंगवे बहुला, लहवित ही गावे, त्यांचा कारभार ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडे. ओझर तर निफाड तालुक्यात. एकाच कुटुंबाचे घर एका हद्दीत, मुलाची शाळा दुसऱ्या आणि पाणी तिसऱ्या, असे इथे नेहमी घडते.

म्हणून एका नकाशावर चार रंगांनी हद्दी काढा: महापालिका, छावणी, नगरपरिषद, ग्रामपंचायत. लष्कराच्या थेट ताब्यातली जमीन पाचव्या रंगाने. मग भाड्याची घरे जिथे जास्त आहेत त्या वस्त्यांवर खुणा करा. प्रस्ताव कोणाकडे जायचा ते या नकाशावरूनच ठरते.

छावणीच्या हद्दीत जमिनीची नोंद पाहायची तर सातबारा चालत नाही. तिथे जनरल लँड रजिस्टर म्हणजे जीएलआरचा उतारा लागतो. त्यावर जमिनीचा वर्ग लिहिलेला असतो. ए-१ वर्गाची जमीन लष्कराच्या प्रत्यक्ष वापरासाठी राखीव असते, तिथे बालवाडी किंवा बसथांब्याचा प्रस्ताव टाकलात तर तो परत येणार हे नक्की. सी वर्गाची जमीन छावणी परिषदेच्या ताब्यात असते. सार्वजनिक सोयीसाठी आधी ती पाहा.

छावणीतला नागरी भाग शेजारच्या महापालिकेत विलीन करण्याचा विषय देशभर चालू आहे, देवळालीही त्यात आहे. म्हणून छावणी हद्दीतल्या कामाचा अर्ज देताना आज जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्याकडेच द्या, आणि त्याची प्रत महापालिकेला जोडा. "विलीनीकरण झाल्यावर बघू" असे उत्तर आले तर ते लेखी मागा.

आता परवानग्या. लष्करी आस्थापनेच्या भिंतीलगत बांधकामासाठी ना-हरकत लागते. किती अंतरापर्यंत लागते याचे नियम संरक्षण मंत्रालयाने २०११ आणि २०१६ च्या परिपत्रकांनी बदलले, आणि प्रत्येक स्थानकाला अंतर सारखे नाही. शेजाऱ्याला दहा वर्षांपूर्वी जे अंतर सांगितले गेले ते आज धरून चालू नका, स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांकडून चालू नियम लेखी घ्या. गांधीनगर आणि ओझरच्या धावपट्टीजवळ इमारतीच्या उंचीवरही मर्यादा असते. पाण्याच्या टाकीची उंची ठरवताना हे विसरले जाते.

> सावधान: जलवाहिनी किंवा गटार लष्करी जमिनीतून न्यायचे असेल तर परवानगीला महिनोन्‌महिने लागतात. मार्ग थोडा लांबचा पडला तरी लष्करी जमीन टाळून जाणारी आखणी आधी तपासा.

## टप्पा ३: पाणी आणि सांडपाणी एकाच हिशेबात मांडा

या टप्प्यावर घाई करू नका. बाकी सगळे मागेपुढे झाले तर चालते, पाण्याचे चालत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा भाड्याने राहणारी २०० कुटुंबे एका पट्ट्यात येणार आहेत. कुटुंबाला सरासरी साडेचार माणसे धरली तर ९०० लोक. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात.

९०० × १३५ = १,२१,५०० लिटर रोज.

वाटेत गळती होते. ती १५ टक्के धरली तर टाकीतून रोज सुमारे १ लाख ४३ हजार लिटर सोडावे लागेल. वापरलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज सुमारे ९७ हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरवर भागवायचे ठरवले तर रोज बारा-तेरा फेऱ्या. एप्रिल-मे महिन्यांत विहितगावच्या गल्लीत रोज इतके टँकर वळवणे म्हणजे काय होते, ते तिथे राहणारा कोणीही सांगेल.

टप्पा १ मध्ये मिळालेल्या आकड्यांनी साडेचार हा गुणक बदला. लहान मुले असलेली कुटुंबे जास्त असतील तर चार पुरतील, आई-वडील सोबत असतील तर पाच धरा.

पाणी येणार कुठून? नाशिकला गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून पाणी येते. नाशिक रोडसाठी दारणेचे पाणी चेहेडीच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते. देवळाली गाव, विहितगाव भागातून वाहणारी वालदेवी नदी चेहेडीजवळच दारणेला मिळते. इथे नियोजन करणाऱ्याने ही एक गोष्ट कायम समोर ठेवली पाहिजे. नव्या वस्तीचे सांडपाणी गटाराला न जोडता ओढ्यात सोडले, तर ते वालदेवीतून फिरून आपल्याच पिण्याच्या पाण्याच्या तोंडाशी येते. उन्हाळ्यात नदीला प्रवाह कमी असतो तेव्हा याचा त्रास सर्वांत जास्त. म्हणून नळजोडणी आणि गटारजोडणी यांचे अर्ज एकत्रच द्या. एक मंजूर आणि दुसरा "प्रलंबित" असेल तर तिथे घर भाड्याने देऊ नये, असे मी घरमालकांना स्पष्ट सांगतो.

वेळ कधीची? धरणातल्या पिण्याच्या पाण्याचे आरक्षण पावसाळ्यानंतर, साधारण १५ ऑक्टोबरचा साठा पाहून पुढच्या ३१ जुलैपर्यंतचे ठरते. वाढीव मागणी त्याआधी पाणीपुरवठा विभागाकडे पोहोचली पाहिजे. जानेवारीत दिलेले पत्र त्या वर्षी कामाला येत नाही, कारण तोवर पाण्याची वाटणी झालेली असते.

> पुढे जाण्याआधी तपासा: १) पट्ट्यातल्या उंच टाकीची क्षमता आणि ती दिवसातून किती वेळा भरते. २) शेवटच्या घरात नळाला किती मिनिटे पाणी येते. हे मे महिन्यात, प्रत्यक्ष जाऊन मोजलेले हवे. ३) गटाराच्या चेंबरची खोली आणि उतार. ४) इमारतीत जमिनीखालची टाकी आहे का. नसेल तर कमी दाबाच्या दिवशी वरच्या मजल्यावर पाणी चढणार नाही.

## टप्पा ४: शाळेची तारीख पाहून बाकीच्या तारखा लावा

लष्करी बदल्या शक्यतो शैक्षणिक वर्ष संपताना होतात. केंद्रीय विद्यालयांचे आणि सीबीएसईच्या बहुतेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. त्यामुळे मे महिन्यात आलेल्या कुटुंबाला केंद्रीय विद्यालयात वर्ग भरलेला दिसतो, आणि राज्य मंडळाच्या शाळेचे कार्यालय सुट्टीमुळे बंद. हा मधला दीड-दोन महिन्यांचा काळ भरून काढणे हेच शाळेच्या नियोजनातले मुख्य काम.

केंद्रीय विद्यालये. देवळाली, नाशिक रोड आणि ओझर परिसरात एकाहून जास्त आहेत. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि संरक्षण दलातल्यांच्या मुलांना प्राधान्य असते, गेल्या काही वर्षांत किती बदल्या झाल्या तेही पाहिले जाते. पण प्राधान्य असले तरी जागा नसेल तर मूल बाहेर राहू शकते. वाढीव तुकडीची मागणी विद्यालय व्यवस्थापन समितीमार्फत जाते आणि तिला वरून मंजुरी लागते. ही मागणी डिसेंबरच्या आत गेली पाहिजे, सोबत वयोगटाचा तक्ता जोडून. "खूप मुले येणार आहेत" एवढ्यावर तुकडी मिळत नाही. "सहावी ते आठवी, ४० ते ५० मुले" असे लिहिले तर निदान चर्चा होते.

राज्य मंडळाच्या आणि खासगी शाळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक, असे प्रमाण आहे. तुमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेची इयत्तावार रिकामी जागा काढा आणि एकाच पानावर तक्ता करा. हे पान स्टेशन हेडक्वार्टरला आणि आवाच्या ताईंना द्या. कुटुंब निघण्याआधीच फोनवर प्रवेश निश्चित करता येतो, तो या पानामुळे.

आता एक मूल जवळून पाहू. जबलपूरहून आठवीत येणारी मुलगी. तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला आहे, सातवीची गुणपत्रिका आहे, आधार आहे. तरी नव्या शाळेत तिचे नाव ऑनलाइन चढत नाही. का? कारण जुन्या शाळेने यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर तिला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकलेलेच नाही. जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नवी शाळा तिचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) स्वतःकडे ओढून घेऊ शकत नाही. जुन्या शाळेचे लिपिक सुट्टीवर, वडील पुढच्या ठिकाणी हजर झालेले, आई एकटी फोन करत बसलेली. हे टाळायचे असेल तर कुटुंबांना आधीच सांगा: दाखला घेतानाच शाळेला ड्रॉपबॉक्सची नोंद करायला लावा, पेन क्रमांक दाखल्यावर लिहून घ्या, आणि जुन्या शाळेच्या लिपिकाचा नंबर सोबत ठेवा.

दुसरी अडचण भाषेची. २०२० च्या कायद्यामुळे राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. पंजाब, बिहार, तामिळनाडू इथून आलेले मूल सातवी-आठवीत पहिल्यांदा मराठीच्या तासाला बसते तेव्हा त्याला बाराखडीही येत नसते, आणि वर्गात कविता चाललेली असते. शाळेला सांगून जून-जुलैत आठवड्याला तीन तास वेगळा पायाभूत वर्ग लावून घ्या. निवृत्त शिक्षक आपल्या भागात पुष्कळ आहेत, विचारले तर आनंदाने येतात. खर्च जवळजवळ शून्य, आणि मुलाचे पूर्ण वर्ष सुकर होते.

> सावधान: दहावी आणि बारावीच्या मुलांना या तक्त्यात मिसळू नका. मंडळाची नोंदणी नववी आणि अकरावीतच होते. पालकांच्या बदलीचे कारण असेल तर सीबीएसईत थेट दहावी-बारावीत शाळा बदलता येते, पण त्याला मंडळाची मंजुरी आणि बदलीचे कागद लागतात. या मुलांची यादी वेगळी करा आणि तिच्यापासूनच काम सुरू करा.

अंगणवाडीचे प्रमाण साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक असे आहे. म्हणजे वर धरलेल्या ९०० लोकांसाठी एक नवी अंगणवाडी मागता येते. मागणी एकात्मिक बाल विकास प्रकल्प कार्यालयाकडे द्या आणि खोलीची सोय स्वतः सुचवा. जागा आधी दाखवली की प्रस्ताव हलतो.

## टप्पा ५: भाड्याची घरे

घरांची संख्या मोजून थांबू नका. लष्करी कुटुंबाला घर देण्याची घरमालकाची तयारी आहे का, आणि करारनामा बदलीला धरून आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

आपल्याकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रूढ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाही पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. "अकराच महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही" हा समज चुकीचा आहे, आणि तो फार पसरलेला आहे.

करारात पुढची कलमे असतीलच असे पाहा:

- लॉक-इन काळ असला तरी बदलीचा आदेश किंवा क्वार्टरचे वाटपपत्र दाखवल्यावर एक महिन्याच्या नोटिशीने घर सोडता येईल.
- अनामत किती दिवसांत परत, ते तारखेने.
- पाणी टँकरने आणावे लागले तर खर्च कोणाचा. हे कलम कोणी घालत नाही आणि एप्रिलमध्ये भांडण यावरच होते.
- जवान बाहेरगावी असेल तर पत्नीला करारावर सही करण्याचा आणि अनामत परत घेण्याचा अधिकार. करारात दोघांची नावे घातली तर हा प्रश्न उरत नाही.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देणे इतर भाडेकरूंप्रमाणे इथेही लागते. फक्त त्या माहितीची प्रत सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावू नका.

छावणीतले जुने बंगले भाड्याने घेण्याआधी त्या जमिनीचा जीएलआर उतारा पाहावा. मोडकळीला आलेल्या भागाची दुरुस्ती करायलाही तिथे परवानगी लागते, त्यामुळे "पावसाळ्याआधी कौले बदलून देतो" या तोंडी शब्दावर राहू नये.

## टप्पा ६: दवाखाना आणि रात्रीची वेळ

सेवेतल्या जवानाच्या कुटुंबाला देवळालीच्या लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. म्हणून "आरोग्याचे आपल्याला पाहायचे कारण नाही" असे म्हणणारे भेटतात. टप्पा १ मधला तिसरा गट आठवा. पाथर्डी फाट्यावर दोन मुलांसह एकटी राहणारी बाई, रात्री दोन वाजता मुलाला ताप चढलेला, गाडी नवऱ्याच्या नावावर आणि तिला चालवता येत नाही. लष्करी रुग्णालय तिच्यापासून दूर आहे.

प्रत्येक वस्तीसाठी एक पान तयार करा: सर्वांत जवळचे चोवीस तास उघडे असलेले रुग्णालय, तिथे पोहोचायला रात्री लागणारा वेळ, रात्री येणाऱ्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर त्यांच्या संमतीने, आणि रुग्णवाहिकेचा १०८. नाशिक रोडला महापालिकेचे बिटको रुग्णालय आहे, देवळाली कॅम्पमध्ये छावणीचे रुग्णालय आहे. पान हिंदीतही छापा.

गरोदर बाई आणि लहान बाळे यांची नोंद आशाताईंकडे व्हायला हवी. परराज्यातून येताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असले की लसीकरण जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. कार्ड हरवलेले असेल तर आशाताईंनी परत सुरुवातीपासून विचारत बसण्याऐवजी यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंद शोधावी.

## टप्पा ७: बस, रस्ते, दिवे, घंटागाडी

कामांमध्ये हा टप्पा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. जमिनीखालची कामे झाल्याशिवाय वरचा रस्ता करू नका. क्रम असा: गटार, जलवाहिनी, केबल, मग रस्ता, मग पथदिवे. हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून डांबर आधी पडते आणि मे महिन्यात तेच खोदले जाते.

सिटीलिंक या शहर बससेवेच्या फेऱ्या मागताना "बस वाढवा" असे लिहू नका. शाळा सुटण्याची वेळ, कोणत्या थांब्यावर किती मुले, आणि किती मिनिटांच्या फरकाने बस हवी, हे लिहा. सकाळी शाळेच्या वेळी लॅम रोडवर लष्करी वाहने, शाळेच्या गाड्या आणि कारखान्यांत जाणारे कामगार एकाच वेळी असतात. त्यामुळे थांबा वळणावर किंवा लष्करी प्रवेशद्वारासमोर नको, थोडा पुढे-मागे घ्या.

पथदिव्यांची यादी रात्री चालत जाऊन करा, दिवसा नकाशावरून नको. बसथांब्यापासून भाड्याच्या घरापर्यंतचा रस्ता आधी पाहा, क्लासवरून येणाऱ्या मुली तिथूनच चालतात. घंटागाडीची वेळ वस्तीला सोयीची आहे का, तेही विचारा. घरात एकच बाई असेल आणि गाडी ती मुलांना शाळेत सोडायला गेल्यावर येत असेल, तर कचरा कोपऱ्यावर साठणार.

नाणेगाव, शिंगवे बहुला बाजूला तोफांच्या सरावाचा आवाज येतो. नवी अंगणवाडी किंवा अभ्यासिका निवडताना सरावाच्या दिवशी तिथे उभे राहून पाहा.

## टप्पा ८: वर्षाच्या तारखा उलट्या मोजा

कुटुंबे एप्रिल ते जून या काळात येणार असे धरून मागे मोजा.

- ऑगस्ट-सप्टेंबर: स्टेशन हेडक्वार्टरला पत्र, हद्दींचा नकाशा, जिल्हाधिकाऱ्यांकडे समन्वय बैठकीची मागणी.
- १५ ऑक्टोबरच्या आत: पाण्याची वाढीव मागणी.
- ऑक्टोबर ते जानेवारी: ग्रामपंचायत हद्दीतली कामे ग्रामसभेत विकास आराखड्यात घाला. आराखड्यात नसलेल्या कामाला पुढे निधी मागणे अवघड जाते.
- डिसेंबरच्या आत: केंद्रीय विद्यालयाच्या वाढीव तुकडीची मागणी. जिल्हा नियोजन समितीकडे जाणारे प्रस्तावही याच सुमारास पोहोचले पाहिजेत.
- जानेवारी-फेब्रुवारी: महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद. ती कोणत्या शीर्षाखाली आहे हे लिहून घ्या.
- मार्च: घरांची यादी, शाळांच्या रिकाम्या जागांचे पान, रुग्णालयाचे पान छापून तयार.
- मे: शेवटच्या नळापर्यंत पाण्याची प्रत्यक्ष मोजणी.

२०२७ च्या सिंहस्थाची कामे या काळात सगळीकडे चालू राहतील. ठेकेदार, यंत्रे आणि अधिकारी तिकडे गुंतलेले असतील, हे गृहीत धरून लहान कामे लवकर उरकून घ्या. सिंहस्थाच्या निधीतून आपले काम होईल या भरवशावर राहू नका. तो निधी पर्वणीच्या मार्गांवर आणि घाटांवर आधी जातो, आणि ते योग्यच आहे.

> शेवटची तपासणी: कुटुंबे आल्यावर पहिल्या महिन्यात आवाच्या ताईंसोबत एक बैठक घ्या आणि तीनच प्रश्न विचारा. पाणी किती वाजता आणि किती वेळ येते? कोणाचे मूल अजून घरी बसले आहे? रात्री दवाखान्यात जायची वेळ कोणावर आली, आणि किती वेळ लागला? उत्तरे तारखेसह वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात त्या त्या कार्यालयाला पत्र द्या. पत्राची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.